घरातली झाडं वाढत चाललीत? आधी कामांचा क्रम लावा

चार-पाच झाडं असतात तोवर काहीही खपून जातं. मनीप्लँट, स्नेक प्लँट, कोरफड ही मंडळी बराच हलगर्जीपणा पचवतात. आकडा पंधरा-वीसवर गेला, त्यात अग्लोनिमा, कॅलेथिया, मॉन्स्टेरा आले, की जुन्या सवयी महागात पडायला लागतात.

झाड जाण्याची नेहमीची कहाणी अशी. रविवारी सकाळी नर्सरीतून आणलं, दुपारी देखण्या सिरॅमिकच्या कुंडीत लावलं, वर दोन मुठी शेणखत टाकलं, भरपूर पाणी घातलं आणि पाहुणे यायच्या आत टीव्हीशेजारी नेऊन ठेवलं. दहा-बारा दिवसांत पानं पिवळी. आता दोष कोणाचा? उजेडाचा, मातीचा, खताचा की पाण्याचा? सगळं एकाच दिवशी बदलल्यावर ते कळायला मार्गच उरत नाही. मग घाबरून आणखी एक उपाय होतो, आणि तो बहुतेक वेळा आणखी पाणी हाच असतो.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. सगळ्यांना लागू असलेला नियम एकच: एका झाडावर एका वेळी एकच बदल करायचा आणि पुढच्या बदलाआधी किमान दोन आठवडे थांबायचं. अपवाद फक्त किडीचा. ती दिसली की थांबायचं नाही.

## टप्पा 1: झाड आणण्याआधी जागेचा उजेड बघा

‘हे झाड कुठे ठेवू?’ हा प्रश्न झाड घरी आल्यावर विचारला जातो, तिथेच गणित चुकतं. आधी जागा, मग झाड.

दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान, दिवे बंद करून, झाड जिथे ठेवायचं आहे तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा.

- सावलीच्या कडा ठळक असतील, बोटं मोजता येत असतील, तर उजेड भरपूर आहे. रबर प्लँट, जेड, कोरफड, क्रोटन इथे जमतील.
- सावली धूसर, पण हाताचा आकार ओळखू येतो, तर उजेड मध्यम. मनीप्लँट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अग्लोनिमा, पीस लिली, स्पायडर प्लँट यांची ही जागा.
- सावली जवळजवळ दिसतच नाही, तर फक्त झीझी आणि स्नेक प्लँट. तीही तिथे तग धरतील, वाढणार नाहीत. वाढ हवी असेल तर झाडापासून फूटभर अंतरावर पांढरा एलईडी दिवा लावून तो रोज दहा-बारा तास चालू ठेवावा लागेल.

आपल्या डोळ्यांवर इथे भरवसा ठेवू नका. कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते, त्यामुळे खोलीचा कोपरा आपल्याला बऱ्यापैकी उजळ वाटतो. प्रत्यक्षात खिडकीपासून दोन-तीन पावलं मागे गेलं की उजेड निम्म्याच्याही बराच खाली आलेला असतो. त्यात रंगीत काचेची स्लायडिंग खिडकी, डासांची जाळी आणि समोरची बिल्डिंग. प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो.

दिशांबद्दलचा परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलू नका. ‘दक्षिणेची खिडकी सर्वात उत्तम’ हे थंड देशांसाठी ठीक आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही, आणि उत्तरेच्या खिडकीत मात्र उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपी किरणं येतात. हिवाळ्यात उलट. सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि ऊन दक्षिणेच्या खिडकीतून पार खोलीत शिरतं. म्हणजे उजेडाची पाहणी एकदा करून भागत नाही. मे आणि डिसेंबर, दोन्ही वेळा करा. पूर्वेची खिडकी वर्षभर सोयीची. पश्चिमेची एप्रिल-मेमध्ये पातळ पानांची झाडं भाजून काढते, तेव्हा तिथे पांढरा पडदा लावा.

इशारा: ग्रिलबाहेर किंवा बाल्कनीच्या कठड्यावर सुटी कुंडी ठेवू नका. पहिल्या वादळी पावसात ती खाली जाते, आणि खाली कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर: डिफेनबेकिया, मनीप्लँट, अग्लोनिमा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंड, जीभ, घसा भाजल्यासारखा होतो. सायकस तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याऐवजी स्पायडर प्लँट आणि अरेका पाम घ्या.

## टप्पा 2: नर्सरीत पानाची खालची बाजू बघा

सगळ्यात उंच आणि सगळ्यात फुललेलं झाड उचलायचा मोह आवरा. मध्यम उंचीचं, नवा कोंब फुटत असलेलं झाड नव्या घरात लवकर रुळतं.

पान उलटं करा. देठ जिथे खोडाला चिकटतो त्या बेचक्यात बघा. पांढरा कापूस, तपकिरी खवले, बारीक जाळं यांपैकी काही दिसलं तर ते झाड ठेवून द्या. शेजारचंही घेऊ नका. खोड बुंध्याशी धरून हलकं हलवा. झाड मातीत डुगडुगत असेल तर मुळं धरलेली नाहीत किंवा कुजली आहेत. माती नाकाशी धरा. आंबूस वास आला तर परत ठेवा.

खरेदीला जून ते सप्टेंबर हा काळ सोपा, हवेत ओलावा असतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कॅलेथिया, फर्न असली पातळ पानांची झाडं घेऊच नयेत. खरं तर कॅलेथिया तिथे कधीच घेऊ नये असं माझं मत आहे. कोरडी हवा आणि बोअरचं जड पाणी एकत्र आलं की तिच्या पानांच्या कडा जळतातच, आणि मग वर्षभर आपण कात्री घेऊन त्या कडा कापत बसतो.

दुचाकीवरून आणणार असाल तर झाड वर्तमानपत्रात सैल गुंडाळून आणा. पुढे पायाशी ठेवलेल्या झाडाची पानं अर्ध्या तासाच्या वाऱ्यात चिंध्या होतात.

## टप्पा 3: नवीन झाड तीन आठवडे वेगळं ठेवा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि संग्रह जितका मोठा तितकी त्याची किंमत जास्त मोजावी लागते. एका झाडावरचा पिठ्या ढेकूण (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) महिन्याभरात अख्ख्या शेल्फवर पसरतो.

वेगळी खोली नसली तरी चालेल. बाकी झाडांपासून सहा-सात फूट लांब, मध्यम उजेडाची कुठलीही जागा पुरे. तिथे नर्सरीच्या पिशवीत किंवा कुंडीतच राहू द्या. या काळात खत नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही. पाणी फक्त माती वरून दोन इंच सुकल्यावर. पहिल्या आठवड्यात खालची एक-दोन पानं पिवळी पडणं साहजिक आहे. नर्सरीच्या शेडनेटमधून आपल्या हॉलमध्ये येणं हाच मोठा बदल असतो.

तपासणी: दर चार दिवसांनी पानांची खालची बाजू बघा. तीन आठवडे स्वच्छ गेले तरच पुढे जा.

## टप्पा 4: माती नव्हे, मिश्रण

घरातल्या कुंडीत नुसती लाल माती किंवा अंगणातली काळी माती भरू नका. जमिनीत जे पाणी खाली मुरतं, हवा शिरते, गांडुळं माती भुसभुशीत ठेवतात, ते कुंडीत होत नाही. काही महिन्यांत तिची वीट होते.

प्रथम कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. 650 ग्रॅमची वीट साधारण 4 लिटर पाण्यात भिजवली की फुगून 8 लिटरच्या आसपास होते. फुगल्यावर लगेच वापरू नका. काथ्यात क्षार असतात, न धुतलेल्या कोकोपीटमुळे पानांची टोकं करपतात. जुन्या सुती ओढणीत किंवा धान्याच्या गोणीत भरून, पाणी ओतून, पिळून काढा. असं दोन-तीनदा, निथळणारं पाणी तपकिरीचं फिकट होईपर्यंत. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलं असलं तरी एकदा धुवाच.

मग एकाच डब्याने मोजून मिसळा:

- पानांच्या झाडांसाठी: 2 डबे कोकोपीट, 1 डबा चाळलेलं गांडूळखत, 1 डबा पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे कण). पर्लाइट महाग वाटलं तर जाळून काळं केलेलं भाताचं तूस. कोकणात आणि मावळात ते सहज मिळतं.
- कोरफड, जेड, इतर सक्युलंट (जाड, रसाळ पानांची झाडं) आणि स्नेक प्लँटसाठी: 1 डबा साधी माती, 1 डबा जाड वाळू, 1 डबा विटांचा चुरा. चुरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पूड चाळून टाकून द्या, नाहीतर ती सगळ्या फटी बुजवते.

पहिल्या मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड घालता येते. पण ओली झाली की तिला आठवडाभर वास येतो. झोपायच्या खोलीतल्या कुंडीला नकोच.

तपासणी: ओलसर मिश्रण मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचताच फुटायला हवा. फुटला नाही तर पर्लाइट किंवा तूस वाढवा. गोळाच होत नसेल तर कोकोपीट.

## टप्पा 5: कुंडी बदलणं

कधी? खालच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील, पाणी घातलं की क्षणात खाली येत असेल, किंवा झाड चिकट मातीच्या गोळ्यात असेल तेव्हा. आपल्याकडची बरीच झाडं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येतात आणि प्रवासात टिकावीत म्हणून त्यांची मुळं मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच कोकोपीटमध्ये ठेवला की बाहेरचं मिश्रण ओलं, आतला गोळा कोरडा, किंवा नेमकं उलट. झाड दोन्हीकडून मरतं.

हंगाम जून ते सप्टेंबर. ऐन मेमध्ये आणि कडाक्याच्या थंडीत टाळा.

कुंडीचं माप. सध्याच्या कुंडीपेक्षा एक ते दोन इंचच मोठी. 4 इंचीतून 6 इंचीत, 6 इंचीतून 8 इंचीत. ‘पुढच्या वर्षी परत नको’ म्हणून एकदम 12 इंची घेतली तर मुळं पोचत नाहीत त्या मातीत पाणी आठवडाभर साचून राहतं आणि मुळं कुजतात. खाली भोक नसलेल्या कुंडीत काहीही लावू नका. ती दिसायला आवडली असेल तर भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी तिच्या आत बसवा.

तळाला खडे नकोत. खड्यांनी निचरा वाढतो हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहजी उतरत नाही. मिश्रणाचा तळचा थर पूर्ण भिजून ओथंबेपर्यंत तिथेच अडून राहतं. म्हणजे ओल खाली जायच्या ऐवजी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवली की पुरे. मातीची कोरी कुंडी असेल तर आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मिश्रणातलं पाणी ओढून घेते.

आता प्रत्यक्ष काम. संध्याकाळी करा, आणि आदल्या दिवशी झाडाला पाणी घातलेलं असू द्या.

1. काळी पिशवी कात्रीने उभी कापा. खोड धरून झाड ओढू नका.
2. मातीचा गोळा दिसला तर तो बादलीत अर्धा तास बुडवा. मग बोटांच्या टोकांनी बाहेरून आत माती सोडवत जा. सुरुवातीला वरचा थर साबणासारखा निसटतो, आत मात्र कडक असतो. तिथे नखं लावू नका, पुन्हा पाच मिनिटं भिजवा. सगळी माती काढायची नाही. बाहेरची निम्मी निघाली आणि मुळांची टोकं मोकळी झाली की थांबा.
3. मधोमध स्पंज, जाळी किंवा कापडाची गुंडाळी सापडली तर हलक्या हाताने कापून काढा. रोप लहान असताना लावलेली ही गुंडाळी तशीच राहिली तर मुळांचा गळा आवळते.
4. मुळं बघा. पांढरी किंवा फिकट बदामी आणि कडक असतील तर निरोगी. काळपट, मऊ, आणि चिमटीत ओढल्यावर साल निघून आत नुसता धागा उरत असेल तर कुजलेली. ती स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा.
5. कुंडीत थोडं मिश्रण घाला आणि झाड आधी जितक्या खोल होतं तितक्याच खोल ठेवा. बुंधा गाडू नका. वरून इंचभर जागा सोडा, तिथे पाणी थांबतं.
6. कडेने मिश्रण सोडा आणि कुंडी जमिनीवर तीन-चारदा हलकी आपटा. अगरबत्तीच्या काडीने फटी भरून घ्या. मुठीने दाबू नका, दाबल्यावर पर्लाइट घालून मिळवलेली हवा निघून जाते.
7. खालून पाणी येईपर्यंत सावकाश पाणी घाला. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा.

पुढचा आठवडा थेट ऊन नको, आणि महिनाभर खत नको. पानं दोन-चार दिवस मलूल राहतील. मुळं दुखावलीत, त्यामुळे पाणी असूनही ते वर पोचत नाही. इथे आणखी पाणी घालणं हीच ती चूक.

## टप्पा 6: पाणी

‘आठवड्यातून किती वेळा?’ या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच घरात पूर्वेच्या खिडकीतलं पीस लिली मेमध्ये दिवसाआड पाणी मागतं आणि कपाटावरचं झीझी पावसाळ्यात महिनाभर काही मागत नाही.

वार बघून पाणी घालू नका, वार बघून *तपासा*. तपासायच्या तीन पद्धती आहेत. बोट दोन पेरं आत घाला. मोठ्या कुंडीत बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा. काडीला ओला चुरा चिकटला तर अजून थांबा. तिसरी आणि सर्वात भरवशाची म्हणजे कुंडी उचलणं. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचलून वजन हाताला लक्षात ठेवा, मग पुढच्या वेळी सुकलेली कुंडी उचलताच कळते. कोकोपीट वरून सुकलेलं आणि खाली चिंब असतं, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं.

घालायचं तेव्हा पोटभर घाला, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. रोज अर्धा पेला घातला तर वरची दोन इंच माती ओली राहते, खालची मुळं कोरडी, आणि वर चिलटं. अर्ध्या तासाने बशीतलं पाणी ओतून टाका. बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून बाहेर पडून उडूही लागतो. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरात येऊन आधी याच बशा बघतात, ते उगीच नाही.

कोकोपीट पूर्ण सुकून कुंडीच्या कडेपासून सुटलं असेल तर वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झाड प्यायलं. अशी कुंडी टबात दोन-तीन इंच पाण्यात अर्धा तास ठेवा. खालून ओल चढते.

कुठलं पाणी? नळाचं चालतं. एसीतून ठिबकणारंही चालतं. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र कुंडीला घालू नका. पाण्यातले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. बचत म्हणून ते रोज झाडांना घालणारी घरं पुष्कळ आहेत, आणि तिथल्या कुंड्यांच्या काठावर पांढरा थर हमखास दिसतो. ते पाणी फरशी पुसायला वापरा. सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर असेल तर त्याचंही पाणी नको, त्यात सोडियम असतं. पांढरा थर आधीच आला असेल तर वरची इंचभर माती बदला आणि कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकाराच्या दोन-तीन पट साधं पाणी त्यातून वाहू द्या.

पावसाळ्याचा इशारा: जुलै-ऑगस्टमध्ये उजेड कमी, हवा दमट, त्यामुळे माती सुकतच नाही. घरातली सर्वाधिक झाडं कुजतात ती याच दोन महिन्यांत. पाण्यात मोठी कपात करा, स्नेक प्लँट आणि सक्युलंट तर विसरूनच जा. पानांवर फवारे मारायची सवयही सोडा. त्याने हवेतला ओलावा जेमतेम काही मिनिटं वाढतो, पानांवर बुरशीचे डाग मात्र राहतात.

## टप्पा 7: रंगाने नाही, तहानेने मांडा

संग्रह वाढल्यावर कामाचा डोंगर होतो, कारण प्रत्येक झाडाची वेळ वेगळी असते. उपाय मांडणीत आहे. उजेड जमत असेल तिथे तीन गट करा. लवकर तहानणारी: पीस लिली, फर्न, कॅलेथिया. मधली: मनीप्लँट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अग्लोनिमा, मॉन्स्टेरा, रबर प्लँट. उशिरा तहानणारी: झीझी, स्नेक प्लँट, जेड, कोरफड.

पहिला गट दर दोन-तीन दिवसांनी तपासायचा, दुसरा आठवड्यातून एकदा, तिसरा पंधरवड्याने. आता वीस झाडं म्हणजे तीन कामं. शिवाय घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगणंही सोपं जातं. सासूबाई आणि मुलगी दोघींनी प्रेमाने एकाच दिवशी पाणी घातलं, हा अपघात मोठ्या संग्रहात फार होतो. पाण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे हवी.

प्रत्येक कुंडीच्या बुडाला चिकटपट्टी लावून आणल्याची आणि कुंडी बदलल्याची तारीख लिहा. स्मरणशक्तीवर सोडू नका.

पानांवरची धूळ पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा. पान चमकावं म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

## टप्पा 8: खत, थोडं आणि वेळेवर

आजारी झाडाला खत हे औषध नाही. कुजलेल्या मुळांना खत दिलं की उरलेलीही जळतात.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं 19:19:19 हे विद्राव्य खत 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा, झाड वाढत असताना. थंडीत थांबवा. आधी साधं पाणी, मग खताचं. कोरड्या मातीत नाही. किंवा दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. दोन्हीपैकी एकच.

चहाचा चोथा, ताक, तांदळाचं धुवण, केळ्याची सालं घरातल्या कुंडीत नकोत. दूध-साखरेचा चोथा दोन दिवसांत बुरशी धरतो आणि चिलटांना आमंत्रण देतो. ते सगळं कंपोस्टच्या डब्यात जाऊ द्या.

## टप्पा 9: कीड, दिसली त्या दिवशी

आधी झाड वेगळं करा, मग उपचार. उलट क्रमाने केलं तर फवारताना कीड शेजारच्या पानावर सरकते.

पिठ्या ढेकूण: देठाच्या बेचक्यात कापसाचा कण. काडीने दाबला की किंचित नारिंगी-गुलाबी डाग उमटतो. नुसती धूळ असेल तर उमटत नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा.

लाल कोळी: पानावर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके, खाली बारीक जाळं. पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालू लागले तर कोळीच. हा उन्हाळ्यातला, कोरड्या हवेतला पाहुणा. नळाच्या धारेखाली पानं खालून धुतली की निम्मं काम होतं.

खवले कीड: खोडावर तपकिरी टरफलं. नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडा.

चिलटं: कीड पानावर नसून मातीत आहे. वरची दोन इंच माती पूर्ण सुकू द्या आणि पिवळा चिकट सापळा लावा. पाण्याची सवय बदलली नाही तर सापळे कितीही लावा.

मग फवारणी. 1 लिटर कोमट पाण्यात आधी 2 मिली भांड्यांचा लिक्विड साबण, मग 5 मिली कडुनिंबाचं तेल. आधी तेल टाकलं तर ते वर तरंगत राहतं. एका पानावर फवारून दोन दिवस वाट बघा, मग सगळ्या झाडावर, पानांच्या खालच्या बाजूने, ऊन उतरल्यावर. सात दिवसांनी परत, आणि पुन्हा सात दिवसांनी. एका फवारणीत कीड मरते, अंडी राहतात. ‘कडुनिंबाने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुधा एकदाच फवारलेलं असतं.

## टप्पा 10: झाडापासून झाड

जून ते सप्टेंबर. मनीप्लँट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉनची फांदी पानासकट अशी कापा की गाठ, म्हणजे पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो तो भाग, तुकड्यात येईल. मुळं गाठीतूनच फुटतात. नुसतं पान आणि देठ पाण्यात ठेवलं तर महिनोन्महिने हिरवं राहील, वेल होणार नाही. गाठ पाण्यात, पान बाहेर, पाणी चार दिवसांनी बदला. मुळं दोन इंच झाली की मिश्रणात लावा. हात-हातभर मुळं वाढेपर्यंत थांबलात तर पाण्याची सवय झालेली मुळं मातीत रुळायला कुरकुर करतात.

पिवळ्या कडांचं स्नेक प्लँट पानाचे तुकडे लावून वाढवलं तर नवीन झाडाला पिवळी कडा येत नाही, हिरवंच येतं. कडा टिकवायची तर बुडाशी फुटलेलं पिल्लू मुळासकट वेगळं करा. झीझीचं एक पानही रुजतं, पण त्याला कित्येक महिने लागतात.

## टप्पा 11: गावाला जाताना

आठ दिवसांपर्यंत काही विशेष करायला लागत नाही. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पोटभर पाणी घाला, निथळू द्या, आणि कुंड्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत, एकमेकींजवळ घ्या. उजेड कमी म्हणजे तहान कमी. बशीत पाणी भरून ठेवून जाऊ नका.

त्याहून जास्त दिवस असतील तर पहिल्या गटासाठी जाड सुती दोरी: एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं कुंडीत तीन इंच खोल, आणि बादली कुंडीपेक्षा थोडी उंचावर. दोरी आधी पूर्ण भिजवा, कोरडी दोरी पाणी ओढत नाही. बादली झाकून ठेवा. ही सोय निघायच्या चार दिवस आधी लावून बघा, काही दोऱ्या इतकं पाणी ओढतात की दोन दिवसांत बादली रिकामी होते. शेजाऱ्यांवर सोपवणार असाल तर फक्त पहिला गट सोपवा आणि तिसरा गट त्यांच्या नजरेआड ठेवा. दिसला की ते पाणी घालणारच.

परत आल्यावर मलूल झाडाला लगेच खिडकीत, उन्हात नेऊ नका. आधी बोट मातीत घालून बघा. माती कोरडी असेल तर टबात बसवून खालून पाणी द्या. ओली असून झाड मलूल असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. जुन्या जागी दोन दिवसांनी हलवा.